शेवटची गाडी

हवा सोडायचं काम दिवस उगवायच्या आत उरकायला लागे. शारजाच्या अल बदायरजवळ डांबरी रस्ता सोडून सतरा गाड्या एका रांगेत लागत आणि प्रत्येक जण उकिडवा बसून टायरच्या व्हॉल्व्हला भिडे. अडुसष्ट टायरांतून एकदम हवा सुटू लागली की तो आवाज त्या मोकळ्या माळावर बराच वेळ भरून राही. मागं लाल वाळूची टेकाडं, वर फिकट होत चाललेल्या चांदण्या आणि कुणाच्या तरी थर्मासमधल्या चहाचा वास. गाव सोडून बारा वर्षं मी आखातात काढली. तिथलं काय आठवतं असं कुणी विचारलं, तर मला पहिल्यांदा हा आवाज आठवतो.

डांबरावर टायरात ३५ पौंड हवा असते. वाळूत उतरताना ती १५ वर आणायची. हवा कमी झाली की टायर बसतो, लांबट होतो, जमिनीची जास्त जागा धरतो आणि गाडीचं दोन-अडीच टन वजन त्या जागेवर पसरतं. उंटाचा पाय जमिनीवर टेकताना बघितला की हे लगेच ध्यानात येतं. फार लोभ करून हवा १० च्या खाली नेली, तर वळणावर टायर रिममधून निसटतो. म्हणून गेज हातात धरून, चारही चाकं सारखी करून, मगच उठायचं.

मी आठ वर्षं एका क्लबाबरोबर वाळूत गाडी घातली. त्यातली पाच वर्षं रांगेतली शेवटची गाडी माझी होती. तिला तिथं ‘स्वीप’ म्हणत. झाडू मारणारा जसा मागं काही ठेवत नाही, तशी सगळ्यांना गोळा करत येणारी गाडी. सगळ्यात पुढचा ‘लीड’ वाट काढतो. त्या वाटेवरून सगळे सुखरूप बाहेर पडले की नाही, ते शेवटच्या गाडीला ठाऊक असतं. या कामानं मला जे शिकवलं, ते लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझं गाव खानापूर तालुक्यातलं, येरळेच्या काठचं. येरळा साताऱ्याकडं खटाव तालुक्यात उगम पावते, आमच्या भागातून वाहत खाली जाते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात तिचं पात्र म्हणजे नुसती वाळू. पण त्या वाळूत हातभर झरा उकरला की पाणी लागायचं. बायका वाटीनं घागर भरून घरी न्यायच्या. वाळू पाणी धरून ठेवते हे आम्हाला शाळेत जायच्या आधी माहीत होतं. याच नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतून बळीराजा धरण उभं करायला घेतलं. नदीतली थोडी वाळू विकून त्यातून धरणाला पैसा उभा केला आणि पाणी सगळ्यांना सारखं वाटायचं ठरवलं. बेसुमार उपसली की नदी कोरडी पडते आणि जपून वापरली की तीच वाळू धरण बांधून देते, हे आमच्या भागानं डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या तालुक्यातली, आटपाडीतली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. सोनं-चांदी गाळायला कोण कुठल्या गावी, कोण कुठल्या शहरात. घरटी एक माणूस बाहेर असायचाच. माझ्या हातात मात्र पाना आला. वडील उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. हंगामात मी त्यांच्याबरोबर मडगार्डवर बसून फडात जायचो. अवकाळी पाऊस झाला की पाणंदीत भरलेली ट्रॉली रुतायची. नवखा ड्रायव्हर असला की तो घाबरून रेस करायचा, चाक जागेवर गरगर फिरायचं आणि काळी माती चौफेर उडायची. आबा शांतपणे खाली उतरायचे, चाकाजवळ उभे राहायचे आणि म्हणायचे, “रेस करू नगंस. जाग्यावर फिरणारं चाक आपलाच खड्डा खणतंय.” मग चाकापुढची माती खोऱ्यानं ओढायची, खाली पाचट कोंबायचं आणि दुसऱ्या ट्रॅक्टरची साखळी लावून ट्रॉली हळूच ओढून काढायची. त्या वेळी हे सगळं माझ्यासाठी रोजचंच होतं. पुढं दोन हजार किलोमीटरवर हीच विद्या उपयोगी पडेल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

सांगलीत आयटीआयला मोटार मेकॅनिक झालो आणि २००६ साली शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजला लागलो. आठवड्यातून शुक्रवार एवढीच सुट्टी. शनिवारी सकाळी गॅरेज उघडलं की दारात दोन-तीन गाड्या ठरलेल्या असत: निस्सान पॅट्रोल, लँड क्रूझर, पजेरो. कुणाचा बंपर फाटलेला, कुणाचा रॉड वाकलेला, कुणाचा रेडिएटर वाळूनं बुजलेला. एअर फिल्टर काढून आपटला की तांब्याभर वाळू निघायची. ही माणसं सुट्टीच्या दिवशी आपल्या गाडीचे असे हाल का करून घेतात, हे मला कळत नसे. एकदा एका जुन्या पॅट्रोलचा मालक म्हणाला, “उस्ताद, एक दिन साथ चलो. गाड़ी कहाँ टूटती है, वो भी देख लो.” केरळचा इंजिनिअर होता. त्याच्या त्या एका वाक्यासाठी मी २०१० च्या डिसेंबरात पहिल्यांदा वाळूत गेलो आणि पुढच्या वर्षी चार खोलीमित्रांकडून पैसे उसने घेऊन स्वतःची जुनी पजेरो घेतली.

त्या पजेरोत पहिल्याच दिवशी मी रुतलो. चढ दिसला, पाय ॲक्सिलरेटरवर गेला, इंजिन ओरडलं आणि गाडी पुढं जायच्या ऐवजी खाली गेली. मी आणखी पाय दाबला. क्षणात चारही चाकं अर्धी वाळूत आणि गाडीचं पोट जमिनीला. लीड चालत आला, खिडकीतून आत वाकला आणि एवढंच म्हणाला, “पैर हटाओ.” मला आबांची पाणंद आठवली. इंजिन बंद केलं. दोघांनी गुडघ्यावर बसून चारही चाकांपुढची वाळू हातांनी आणि फावड्यानं ओढली, हवा आणखी दोन पौंड सोडली. मग रिव्हर्स टाकून, आलो त्याच चाकोरीतून गाडी अलगद मागं घेतली. आपल्याच चाकांनी दाबलेली वाळू घट्ट झालेली असते, म्हणून ज्या वाटेनं आलो तीच परतायला सर्वांत भरवशाची. त्या दिवसापासून पुढं मी रुतलो अनेकदा, पण रुतल्यावर रेस केली नाही.

वाळूला स्वतःची रीत आहे आणि ती वारा ठरवतो. आखातात ‘शमाल’ म्हणून वायव्येचा वारा येतो. ज्या अंगानं वारा येतो त्या अंगाला टेकाडाचा चढ लांब, निवांत आणि दाबलेला असतो. पलीकडच्या अंगाला वाळू नुसती सांडून राहिलेली असते. धान्याची रास ओतल्यावर तिचा उतार आपोआप ठरतो तशी, सुमारे ३३-३४ अंशांत. ती भुसभुशीत असते आणि पाय ठेवला की सरकते. दोन्ही बाजू जिथं भेटतात ती धार. या धारेवर गाडी पोचते तेव्हा पुढं काय आहे ते दिसत नाही, समोर फक्त बॉनेट आणि आभाळ. तिथं पोचताना वेग असा लागतो की पुढची चाकं धार ओलांडतील आणि नेमक्या त्या क्षणी पाय उचलला जाईल. वेग कमी पडला तर गाडी चढावरच थांबते. मग वळायचा प्रयत्न न करता सरळ रेषेत मागं यायचं. वेग जास्त झाला तर गाडी हवेत उडते आणि पलीकडं किती खोल आहे ते पडल्यावर कळतं. धारेवर मधोमध थांबली तर पोट टेकतं आणि चारी चाकं लोंबकळतात. उताराला आडवं जाऊन थांबणं सर्वांत वाईट, कारण तिथून गाडी कलंडते. गाडी घसरू लागली की मन म्हणतं स्टिअरिंग वर ओढ, पण फिरवायचं असतं उताराकडं. हे हातात बसायला मला दोन हिवाळे लागले.

दुपारी बारा-एकच्या सुमारास आणखी एक गंमत होते. सूर्य डोक्यावर आला की सावल्या नाहीशा होतात आणि सगळं वाळवंट सपाट दिसायला लागतं. समोर खड्डा आहे की चढ, डोळ्यांना समजत नाही. सकाळी दवानं जरा बसलेली वाळू दुपारी तापून मऊ होते, ते वेगळंच. म्हणून जाणती माणसं पहाटे निघतात आणि दुपारच्या आत सावलीला थांबतात. सावली म्हणजे तिथलं ‘गाफ’चं झाड. मी पहिल्यांदा पाला चुरगळून बघितला आणि काटे बघितले, तेव्हाच शंका आली. पुढं कळलं की ही आपलीच शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो तीच, तिथं वाळूत खोल मुळं सोडून उभी. संयुक्त अरब अमिरातीचं ते राष्ट्रीय झाड आहे. आमच्या क्लबात झुडपांवरून गाडी घालायला सक्त मनाई होती आणि जेवणानंतरचा एक कागदही मागं राहू द्यायचा नाही असा नियम होता. माझ्या दृष्टीनं ती नुसती शिस्त नव्हती. शमीखाली बसून डबा खाताना मला वाळवंट परकं वाटेनासं झालं होतं.

रांगेचे नियम साधे होते. प्रत्येक गाडीला उंच काठीवर झेंडा, म्हणजे टेकाडापलीकडून गाडी येतेय हे आधी झेंड्यावरून कळतं. प्रत्येकाकडं वॉकी-टॉकी. पुढचा धार ओलांडून ‘क्लिअर’ म्हणेपर्यंत मागच्यानं चढायचं नाही. आपल्या मागची गाडी आरशात दिसत नसेल तर थांबायचं. हा शेवटचा नियम मला सगळ्यात आवडायचा, कारण त्यात प्रत्येक जण आपल्या मागच्याला बांधलेला आहे.

२०१३ साली मला स्वीपची जागा दिली. आधी वाटलं, मेकॅनिक आहे म्हणून मागं ठेवलं, मोडलेल्या गाड्या आणायला. पहिल्याच फेरीत खरं कारण समजलं. लीडला मिळते ती वाऱ्यानं झाडलेली, न तुडवलेली वाळू. माझ्यापर्यंत येईस्तोवर तीच वाळू सोळा गाड्यांनी नांगरलेली असते. प्रत्येक धार कापली गेलेली, प्रत्येक चढाच्या पायथ्याला कुणीतरी रेस करून खड्डा पाडलेला. सगळ्यात अवघड वाट शेवटच्याला मिळते आणि त्यानं रुतून चालत नाही, कारण त्याला ओढायला मागं कुणी नसतं.

पण मागून दिसतंही बरंच. चाकोऱ्या वाचायची मला सवय लागली. कुणी धारेआधी पाय उचलला, कुणी घाबरून ब्रेक मारला, कुणाच्या उजव्या पुढच्या चाकात हवा कमी आहे, हे वाळूवर लिहिलेलं असायचं. नवखा माणूस रुतला की तो आधी शरमतो. त्याच्या बायकोमुलांसमोर, मागं थांबलेल्या सगळ्यांसमोर. स्वीपचं अर्धं काम दोर लावायचं आणि अर्धं ती शरम उतरवायचं. मी फावडं घेऊन खाली बसलो की पहिल्यांदा त्याला पाणी प्यायला सांगायचो. दोर कधीही मागच्या टो-बॉलला लावायचा नाही. तो बॉल तुटला तर गोळीसारखा सुटतो. ताणलेल्या दोराच्या आसपास माणूस उभा करायचा नाही. या गोष्टी मी दर वेळी नव्यानं सांगायचो, ज्याला शंभर वेळा ऐकून माहीत आहेत त्यालाही.

त्या दिवसांत आबांशी फोनवर बोलणं झालं. त्यांनी विचारलं, “किती गाड्या असत्यात?”

“सतरा.”

“तू कितवा?”

“शेवटचा, आबा.”

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, “रातच्याला पाच-सहा ट्रॉल्या निघाल्या की आम्ही बी मागं जाणता गडी ठेवतो. भरवसा हाय तुझ्यावर त्यांचा.”

हा भरवसा मी एकदा मोडला. २०१४ चा हिवाळा. गाफखाली जेवण झालं, गाड्या सुरू झाल्या. वॉकी-टॉकीवर लीडनं विचारलं, “स्वीप, सब आ गये?” मी मागं बघितलं, झाडाखाली कुणी नव्हतं. म्हणालो, “आ गये.” मोजलं नाही. नजर फिरवणं म्हणजेच मोजणं, असं मला वाटायला लागलं होतं. पुढं दोन-तीन टेकाडं गेल्यावर लीडनं थांबा घेतला, तेव्हा एक गाडी कमी भरली. एका मराठी कुटुंबाची. नवरा-बायको आणि सहा-सात वर्षांची मुलगी. मुलीला मळमळत होतं म्हणून ते झुडपांच्या पलीकडच्या खोलगट जागेत गाडी घेऊन गेले होते आणि तिथंच रुतले होते. त्यांच्या वॉकी-टॉकीची बॅटरी संपलेली.

मी वळलो. दुपार होती, सावल्या नव्हत्या, मला फक्त आमच्याच चाकोऱ्यांचा आधार होता. वारा पडलेला होता हे नशीब, नाहीतर त्याही पुसल्या असत्या. चाळीस मिनिटांनी ते सापडले. त्या माणसानं शहाणपण केलं होतं. गाडी सोडून कुठंही गेला नव्हता. दारं उघडी टाकून, चादर बांधून बायकोला आणि मुलीला सावलीत बसवलं होतं. पाणी होतं, सगळे ठीक होते. तो मला एक शब्द बोलला नाही. मुलगी मात्र उठून जवळ आली आणि तिनं विचारलं, “काका, तुम्ही आम्हाला विसरलात?”

मी म्हणालो, “हो बाळ, विसरलो.”

दुसरं काही सांगता आलं असतं. बॅटरी, झुडपं, ते न सांगता बाजूला गेले हे. पण तिचा प्रश्न सरळ होता. त्या रात्री खोलीवर आल्यावर मला झोप लागली नाही. वाळवंटात चाळीस मिनिटं म्हणजे काय, हे जून-जुलैत भर दुपारी उघड्यावर उभं राहिलेल्या माणसाला कळतं. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घ्यायला कायद्यानं बंदी आहे, ती उगीच नाही. हिवाळा होता म्हणून निभावलं.

पुढच्या शुक्रवारी मी लीडला सांगून एक रीत सुरू केली. निघण्याआधी प्रत्येकानं आपला आकडा स्वतःच्या तोंडानं वॉकी-टॉकीवर सांगायचा. एक, दोन, तीन, असं सोळापर्यंत. आवाज आला नाही तर रांग हलणार नाही. त्यानं बॅटरी संपलेली आहे हेही आपोआप कळायचं. सतरावा आकडा मी सांगायचो आणि मगच चाकं फिरायची. पुढं आम्ही लिवालाही गेलो. ‘रुब अल खाली’ म्हणजे रिकामा प्रदेश, त्याच्या उंबऱ्यावरचं ते गाव. १९४०च्या दशकात विल्फ्रेड थेसिजर बेदू सोबत्यांच्या भरवशावर उंटांवरून दोनदा ते वाळवंट ओलांडून गेला होता. तिथलं मोरीब टेकाड ३०० मीटरच्या आसपास उंच. साताऱ्यातून वर बघितल्यावर अजिंक्यतारा जसा अंगावर येतो, तसा तो वाळूचा डोंगर अंगावर येतो. त्याच्या पायथ्याला उभं राहून सोळा आवाज एकामागोमाग ऐकताना मला मोठा धीर वाटला होता.

२०१८ च्या शेवटी मी परत आलो आणि सांगलीजवळ कुपवाडला छोटं वर्कशॉप टाकलं. पुढच्याच ऑगस्टात कृष्णेला तो महापूर आला. सांगलीत ४५ फूट ही धोक्याची पातळी. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढताना नाव उलटली आणि माणसं बुडाली. माझी येरळा जिथं कृष्णेला भेटते, तेच गाव. त्या बातमीनंतर घरात बसणं शक्य नव्हतं. ओळखीच्या तिघांचे ट्रॅक्टर घेऊन आम्ही नदीकाठच्या एका गावातून माणसं काढायला गेलो. रस्त्यावर मांडीभर पाणी, रस्ता कुठं संपतो ते कडेच्या बाभळींवरून ओळखायचं. म्हशी सोडून यायला लोक तयार नव्हते. एक आजोबा दावणीजवळून हलेनात. कुणी त्यांच्यावर ओरडलं नाही. शेवटी त्यांच्या नातवानं दावी कापून जनावरं मोकळी केली तेव्हा ते ट्रॉलीत चढले.

मी शेवटच्या ट्रॉलीत उभा होतो. निघताना प्रत्येक घराला हाक मारून आकडा घेतला आणि पेनानं तळहातावर लिहिला. पावसानं शाई पसरली होती, पण आकडा वाचता येत होता. निवाऱ्याच्या शाळेच्या फाटकात एकेक जण उतरला तेव्हा मी परत मोजलं. दोन्ही आकडे जुळले. मग मी खाली बसलो, पाय थरथरत होते.

आता हंगाम सुरू झाला की रात्री वर्कशॉपसमोरून उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं जातात. चार, पाच, कधी सहा. मला मोजायची सवय आहे, मी मोजतो. आपल्याकडं ट्रॉलीला मागं दिवा असेलच याचा नेम नाही, आणि अंधारात मागून येणारा मोटरसायकलवाला उसाच्या त्या भिंतीवर आदळतो. म्हणून मी लाल रेडियमचा रोल आणून ठेवलाय. शेवटचा ट्रॅक्टर दिसला की हात करून थांबवतो, फडक्यानं मागच्या फळीवरची धूळ पुसतो आणि पट्टी चिकटवतो. ड्रायव्हर बहुधा पोरगेलासा असतो, आबांच्या हाताखाली असायचे तसा. तो खिशात हात घालून विचारतो, “किती झालं, मामा?” मी त्याला सांगतो की पैसे नकोत, पुढच्या गाड्यांवर नजर ठेव आणि कारखान्याच्या गेटवर पोचलास की सगळे आलेत का ते मोज. तो मान हलवतो आणि ट्रॅक्टर सुरू करतो. ट्रॉली वळणापलीकडं जाईपर्यंत ती लाल पट्टी दिसत राहते.